लाइकलीहूड आणि फ्रिक्वेन्टिस्ट स्टॅटिस्टिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून गोव्यातल्या एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलामुलींकडून येतात, ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठातून, म्हापसा-मडगाव-फोंड्याच्या कॉलेजांतून, आणि अधूनमधून शेती, मासळी, खाण अशा कामातल्या लोकांकडून, ज्यांच्याकडे डेटा आहे पण सॉफ्टवेअरने छापलेल्या आकड्यांचं काय करायचं ते कळत नाही. बऱ्याच उत्तरांत एकच उदाहरण फिरवलंय, काजूच्या बियांचं. ते प्रश्न १ मध्ये आहे, तेवढं आधी वाचून घ्या, मग हवा तो प्रश्न उघडा.

१. लाइकलीहूड आणि प्रॉबॅबिलिटी यात नक्की फरक काय? फॉर्म्युला तर दोन्हीकडे तोच दिसतो.

फॉर्म्युला तोच, पण त्यातलं काय फिक्स धरायचं आणि काय हलवायचं ते उलटं होतं. समजा काजूच्या मोसमात एका मोठ्या पोत्यातून १० बिया काढून फोडल्या आणि ८ मध्ये गर चांगला निघाला, २ खराब. पोत्यातल्या चांगल्या बियांचं खरं प्रमाण आपल्याला माहीत नाही, त्याला "प" म्हणू. प्रॉबॅबिलिटीत प धरून ठेवायचा आणि विचारायचं, १० पैकी ८, ७, ६ चांगल्या निघण्याची शक्यता किती. लाइकलीहूडमध्ये ८ आणि २ हे झालेलं आहे, ते बदलत नाही, आता प हलवत जायचा आणि बघायचं की कुठल्या प ला हा डेटा जास्त सहज पडला असता.

करूनच बघा. प = ०.५ असेल तर बरोबर ८ चांगल्या निघण्याची शक्यता ०.०४४, आणि प = ०.८ असेल तर ०.३०२. भागाकार साधारण ६.८७. म्हणजे हा डेटा ०.५ पेक्षा ०.८ च्या बाजूने जवळजवळ सातपट झुकतो. सगळ्यात उंच ठिकाण ०.८ लाच आहे, त्याला १ धरलं तर ०.७ ला ०.७७, ०.९ ला ०.६४, ०.६ ला ०.४०, ०.५ ला ०.१५ आणि ०.३ ला ०.००५ च्याही आत. हे आकडे कागदावर ठिपके टाकून जोडा, जी टेकडी दिसते ती तुमची लाइकलीहूड. ही टेकडी एकदा हाताने काढाच, नुसतं वाचून जे डोक्यात बसत नाही ते काढताना बसतं.

२. मग "प ०.८ असण्याची शक्यता इतके टक्के" असं थिसिसमध्ये लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. लाइकलीहूडची बेरीज किंवा क्षेत्रफळ १ व्हायला हवं असा काही नियम नाही, वरच्या उदाहरणात शिखराला १ न धरता मूळ शक्यता (०.३०२, ०.०४४ अशा) तशाच ठेवल्या आणि प ० पासून १ पर्यंत फिरवला तर टेकडीखालचं क्षेत्रफळ १/११ येतं. प बद्दल टक्क्यांत बोलायचं तर आधी प्रायर, म्हणजे डेटा बघायच्या आधीचा प बद्दलचा अंदाज, लागतो, ते बेझियन काम झालं. फ्रिक्वेन्टिस्ट पद्धतीत, म्हणजे जिथे शक्यतेचा अर्थ प्रयोग परत परत केल्यावर किती वेळा काय होईल असा घेतात, तुम्ही "०.८ ला ०.५ पेक्षा ६.८७ पट जास्त आधार" असं तुलनेने बोलू शकता आणि इंटरव्हलबद्दल (प ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल असं आपण सांगतो तो पट्टा) "ही पद्धत वापरत राहिलं तर १०० पैकी सुमारे ९५ वेळा खरा प आत सापडतो" असं बोलू शकता.

३. लाइकलीहूड वापरतो म्हणजे मी बेझियन झालो का? आमच्या मॅडम म्हणतात की आपण फ्रिक्वेन्टिस्टच शिकवतो.

मॅडम बरोबर आहेत आणि तुम्हीही फ्रिक्वेन्टिस्टच आहात. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशरने १९२१-२२ च्या पेपरांत लाइकलीहूडची कल्पना नीट मांडली तेव्हा त्याला प्रायरपासून लांबच राहायचं होतं. फरक असा की लाइकलीहूड तुम्हाला सांगते की या डेटाच्या हिशेबाने कुठला प पुढे आणि कुठला मागे, पण किती मागे पडला की त्याला सोडून द्यायचं ते ती स्वतःहून सांगत नाही. ती रेघ कुठे मारायची हे फ्रिक्वेन्टिस्ट हिशेब ठरवतो, म्हणजे हाच प्रयोग परत परत केला तर या रेघेमुळे आपण किती वेळा चुकू. क्रम लाइकलीहूडचा आणि हमी फ्रिक्वेन्सीची, ही दोन कामं वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि मला वाटतं शिकवताना हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं, मुलं थेट पी-व्हॅल्यूवर (तपासायची किंमत खरी धरली तर इतका किंवा याहून टोकाचा डेटा येण्याची शक्यता) उडी मारतात आणि टेकडी बघतच नाहीत.

४. लॉग का घेतात? आणि माझी लॉग-लाइकलीहूड कधी मायनस तर कधी प्लस येते, काही चुकलंय का?

लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि कॉम्प्युटरमध्ये फार छोटे आकडे शून्य होऊन जात नाहीत, शिखर मात्र तिथेच राहतं. प्लस-मायनसचं टेन्शन घेऊ नका. वजन, लांबी असा सलग डेटा असेल तर डेन्सिटी १ पेक्षा मोठी असू शकते, मग लॉग प्लसमध्ये जातो. एकटा आकडा काहीच सांगत नाही, त्याच डेटावरच्या दोन आकड्यांतला फरक सांगतो.

५. एस्टिमेट म्हणून शिखरच का घ्यायचं? मीन, मीडियन असं काही का नको?

एमएलई, म्हणजे शिखरावरची किंमत, घेण्याची तीन कारणं. मॉडेल बरोबर असेल आणि साधे नियम पाळले जात असतील तर डेटा वाढत गेल्यावर शिखर खऱ्या किमतीकडे सरकतं. दुसरं, मोठ्या सँपलमध्ये त्याचं व्हेरियन्स (एस्टिमेट किती विखुरतं त्याचं माप) क्रॅमर-राव मर्यादेला जाऊन भिडतं, सरासरीने बरोबर येणाऱ्या कुठल्याही एस्टिमेटचं व्हेरियन्स हिच्या खाली जात नाही, ही मर्यादा सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये कलकत्त्यात असताना छापली होती. तिसरं मला सगळ्यात उपयोगी वाटतं, माप बदललं तरी शिखर बदलत नाही. काजूच्या उदाहरणात प ०.८ असेल तर चांगल्याला खराबचं गुणोत्तर, म्हणजे ऑड्स, ४, परत गणित करायची गरज नाही.

आणि एक नाव आपल्या लोकांना माहीत असायलाच हवं, विद्याधर गोडांबे, जन्म पुण्याचा, नंतर कॅनडात वॉटर्लूला. त्यांनी १९६० मध्ये दाखवलं की एस्टिमेट काढायची जी समीकरणं असतात त्यात लाइकलीहूडपासून येणारं स्कोअर समीकरण (लॉग-लाइकलीहूडचा चढ शून्य धरून मिळतं ते) मर्यादित सँपलमध्येही सगळ्यात चांगलं ठरतं, म्हणजे "सँपल अनंताकडे गेल्यावर" ही अट न घालता. त्यांचं नाव प्रश्न १४ आणि १५ मध्ये परत येईल.

६. ३.८४ हा आकडा सगळीकडे दिसतो, तो येतो कुठून?

नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९२८ मध्ये लाइकलीहूड रेशो टेस्ट मांडली आणि १९३३ मध्ये सिद्ध केलं की दोन्ही बाजूंना एकेकच ठरलेली किंमत असेल, जसं ०.५ विरुद्ध ०.८, तर चूक होण्याची पातळी तीच ठेवून रेशोपेक्षा जास्त ताकदवान टेस्ट करताच येत नाही. पण खऱ्या कामात समोरच्या बाजूला एकच किंमत नसते, मग आपण शिखर आणि शंकेतली किंमत यांचा रेशो घेतो, त्याच्या लॉगची दुप्पट करतो. विल्क्सने १९३८ मध्ये दाखवलं की सँपल मोठं असेल आणि एकच पॅरामीटर (प सारखा अज्ञात आकडा) तपासत असाल तर ही दुप्पट, खरी किंमत तीच असताना, एक डिग्री ऑफ फ्रीडमच्या काय-स्क्वेअर वितरणासारखी वागते, आणि त्याचा ५ टक्क्यांचा कट-ऑफ ३.८४. निम्मे केले की १.९२, म्हणजे शिखराच्या उंचीच्या १४.७ टक्क्यांच्या वर जेवढे प आहेत ते सगळे तुमचा ९५ टक्के इंटरव्हल. काजूच्या डेटात तो ०.५० पासून ०.९६ पर्यंत येतो.

आता खरी गंमत, पण नीट वाचा. प = ०.५ साठी ही दुप्पट ३.८५४ येते, ३.८४ च्या केसभर वर, म्हणून सॉफ्टवेअर म्हणेल पी-व्हॅल्यू ०.०४९६, सिग्निफिकंट, म्हणजे ०.५ नाकारा. पण १० बियांत विल्क्सचं "मोठं सँपल" कुठे आहे? हाताने मोजा, प = ०.५ असताना ०, १, २, ८, ९ किंवा १० चांगल्या निघण्याची एकूण शक्यता ११२/१०२४, म्हणजे ०.१०९. तुम्ही कागदावर ५ टक्केच चूक होईल अशी हमी देताय आणि प्रत्यक्षात जवळजवळ ११ टक्के चुकताय. लाइकलीहूडची टेकडी बरोबरच आहे, तिच्यावर मारलेली रेघ चुकली. छोट्या सँपलला म्हणूनच एक्झॅक्ट टेस्ट किंवा स्वतः सिम्युलेशन करून रेघ ठरवायची, आजच्या लॅपटॉपवर दहा हजार वेळा खोटा डेटा बनवणं म्हणजे काही सेकंदांचं काम आहे.

७. वाल्ड, स्कोअर आणि लाइकलीहूड रेशो, तिन्ही सारख्याच म्हणतात, मग माझी उत्तरं वेगळी का?

सँपल फार मोठं असेल तर त्या एकमेकींजवळ येतात, छोट्यात येत नाहीत. परत तोच डेटा आणि प = ०.५. वाल्ड शिखरावर उभं राहून तिथल्या वळणावरून अंतर मोजते, उत्तर ५.६. स्कोअर, जी राव यांनी १९४८ मध्ये दिली, ०.५ वर उभी राहून तिथला चढ किती तीव्र आहे ते बघते, उत्तर ३.६. रेशो दोन्ही जागांच्या उंचीतला फरक बघते, ३.८५. कट-ऑफ ३.८४. म्हणजे त्याच १० बियांवर वाल्ड ठामपणे नाकारते, रेशो जेमतेम नाकारते आणि स्कोअर नाकारत नाही.

कुठली वापरायची? माझं मत, घाईत वाल्डवर विसंबू नका. स्कोअरचा फायदा असा की फक्त साधं मॉडेल फिट करावं लागतं, मोठं मॉडेल फिटच होत नसेल तेव्हा ती उपयोगी. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये ग्लमच्या (glm, रिग्रेशन मॉडेल बसवणारं फंक्शन) अनोव्हामध्ये टेस्टच्या जागी राव असं लिहिलं की हीच मिळते. उरलेल्या वेळी रेशो, आणि सँपल छोटं असेल तर प्रश्न ६ चा शेवट.

८. आरमध्ये समरी (summary) म्हणते इफेक्ट नाही आणि कॉनफिंट (confint, इंटरव्हल काढणारं फंक्शन) म्हणतं आहे. कुणाचं ऐकू?

जवळजवळ नेहमी कॉनफिंटचं. समरी वाल्डचा आकडा छापते, आणि कॉनफिंट ग्लमसाठी प्रोफाइल लाइकलीहूडने इंटरव्हल काढतं, तो "वेटिंग फॉर प्रोफायलिंग" असा मेसेज येतो ना, तेव्हा ते प्रत्येक किमतीला बाकीचे पॅरामीटर परत परत बसवून टेकडी चढत-उतरत असतं.

वाल्डचा त्रास काजूच्या डेटात सरळ दिसतो. प वर वाल्ड इंटरव्हल काढा, ०.५५ ते १.०५. १०० पैकी १०५ बिया चांगल्या! तोच डेटा लॉग-ऑड्सवर नेऊन वाल्ड काढा आणि परत प वर आणा, ०.४६ ते ०.९५. पहिला म्हणतो ०.५ बाहेर, दुसरा म्हणतो ०.५ आत, डेटा मात्र तोच. रेशोवाला इंटरव्हल कुठल्याही मापात नेला तरी ०.५० ते ०.९६ च राहतो, कारण उंची मापावर अवलंबून नसते (हे प्रश्न ५ मधलं तिसरं कारण).

याहून वाईट केस म्हणजे लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये एखादा गट पूर्ण वेगळा पडतो, जसं फवारणी केलेली सगळी झाडं वाचली. तेव्हा शिखर अनंताकडे पळतं, समरीत गुणांक २० च्या आसपास आणि स्टँडर्ड एरर हजारात दिसतो, पी-व्हॅल्यू १ जवळ. इफेक्ट प्रचंड असतो आणि वाल्ड म्हणते काहीच नाही. इफेक्ट मोठा होत जातो तसा वाल्डचा आकडा उलटा खाली येतो हे हॉक आणि डोनर यांनी १९७७ मध्ये दाखवलंय. अशा वेळी रेशो टेस्ट बघा, आणि एस्टिमेटसाठी फर्थची १९९३ ची पद्धत, जी शिखराला अनंताकडे पळू देत नाही.

९. मित्राने आणि मी, दोघांनीही १० बिया फोडल्या, ८ चांगल्या २ खराब. त्याची पी-व्हॅल्यू ०.०२ आणि माझी ०.०५५. कोण चुकलं?

कुणीच नाही. तुम्ही आधीच ठरवलं होतं की १० फोडायच्या, तेव्हा प = ०.५ असताना ८ किंवा जास्त चांगल्या निघण्याची शक्यता ५६/१०२४, म्हणजे ०.०५५. मित्राने ठरवलं होतं की दुसरी खराब बी निघेपर्यंत फोडत राहायचं. त्याच्यासाठी "इतकं किंवा याहून टोकाचं" म्हणजे पहिल्या ९ मध्ये जास्तीत जास्त १ खराब, ती शक्यता १०/५१२, म्हणजे ०.०१९५. ५ टक्क्यांची रेघ धरली तर एकाचा निकाल लागतो आणि दुसऱ्याचा लागत नाही.

आता दोघांची लाइकलीहूड बघा. तुमची ४५ गुणिले प चा आठवा घात गुणिले (१−प) चा वर्ग, त्याची ९ गुणिले तेच सगळं. समोरचा ४५ किंवा ९ रेशोमध्ये उडून जातो, टेकडी तीच. पी-व्हॅल्यू मात्र न घडलेल्या निकालांचीही बेरीज करते, आणि काय काय घडू शकलं असतं ते थांबायच्या नियमावर अवलंबून असतं. म्हणून तुमच्या नोंदवहीत थांबायचा नियम लिहिलेला नसेल तर पी-व्हॅल्यू काढताच येत नाही हे ध्यानात घ्या, आणि प्रयोग सुरू करायच्या आधी तो लिहून ठेवा. यातलं कुठलं वागणं योग्य यावरचा वाद पुढच्या प्रश्नात.

१०. मग लाइकलीहूड प्रिन्सिपल खरं की खोटं? फ्रिक्वेन्टिस्ट लोक ते मानतात का?

प्रिन्सिपल म्हणतं, दोन प्रयोगांच्या टेकड्या सारख्या असतील तर निष्कर्षही सारखाच हवा. तसं असेल तर प्रश्न ९ मधल्या दोन पी-व्हॅल्यू वेगळ्या येणं हाच दोष. पूर्णपणे फ्रिक्वेन्टिस्ट माणूस हे मानू शकत नाही, कारण त्याची हमी नमुना कसा घेतला यावरच उभी असते.

गोष्ट अवघड कशी होते ते बघा. एका मासळीच्या घाऊक बाजारात दोन काटे आहेत, एकाची चूक साधारण १० ग्रॅमची, दुसऱ्याची १०० ग्रॅमची. टॉस करून काटा निवडला, चांगला काटा मिळाला, विसवण (सुरमई) मोजला. आता वजनाची अचूकता सांगताना १० ग्रॅम सांगाल की "टॉस उलटा पडला असता तर" धरून दोन्हींची सरासरी? कुणीही शहाणा माणूस १० ग्रॅमच सांगेल. डेव्हिड कॉक्सने १९५८ मध्ये दोन उपकरणांचा असाच प्रश्न मांडला, आणि प्रत्यक्ष जो प्रयोग झाला त्याच्यावरच बोलायचं याला कंडिशनॅलिटी म्हणतात. दुसरी गोष्ट सफिशिअन्सी, म्हणजे १० बियांत ८ चांगल्या हा आकडा पुरतो, कुठल्या क्रमाने निघाल्या त्याने फरक पडत नाही. या दोन्ही गोष्टी बहुतेकांना पटतात. १९६२ मध्ये ॲलन बर्नबॉमने म्हटलं की या दोन्ही मानल्या तर लाइकलीहूड प्रिन्सिपल मानावंच लागतं. खळबळ उडाली. नंतर बर्नबॉम स्वतःच त्यापासून दूर गेला, आणि डेबोरा मेयोने २०१४ मध्ये त्याच्या सिद्धतेतच खोट आहे असं मांडलं, त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही.

मी काय करते ते सांगते. काट्याचा प्रश्न मला पूर्ण पटतो, म्हणून जिथे असा टॉससारखा, प बद्दल काहीही न सांगणारा भाग दिसतो तिथे मी त्याला धरूनच हिशेब करते. पण थांबायचा नियम फेकून देत नाही, कारण मला चुकांच्या प्रमाणाची हमी द्यायची असते आणि ती त्या नियमाशिवाय देता येत नाही. रिपोर्टमध्ये टेकडी आणि पी-व्हॅल्यू दोन्ही द्या, वाचणारा ज्या मताचा असेल त्याला त्याचं मिळेल.

११. रोज संध्याकाळी डेटा बघून पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की थांबलो तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. इफेक्ट अजिबात नसला तरी पुरेसा काळ बघत राहिलं तर साधी पी-व्हॅल्यू कधी ना कधी ०.०५ च्या खाली जातेच, वाट बघायची तयारी हवी एवढंच.

पण ठरलेल्या दोन किमतींचा लाइकलीहूड रेशो इथे चांगला वागतो. ०.८ विरुद्ध ०.५ घ्या. प्रत्येक चांगल्या बीला रेशोला १.६ ने गुणायचं, प्रत्येक खराबला ०.४ ने. खरा प ०.५ असेल तर हा रेशो कधीही, कितीही वेळा डोकावून बघितलं तरी, २० च्या वर जाण्याची शक्यता १/२० पेक्षा जास्त नसते. अब्राहम वाल्डने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच कल्पनेवर सिक्वेन्शियल टेस्ट उभी केली: एका बाजूची चूक ५ टक्के आणि दुसऱ्या बाजूची २० टक्के चालत असेल तर रेशो साधारण १६ झाला की ०.८ माना, ०.२१ झाला की ०.५ माना, मध्ये असेल तर फोडत राहा. आपल्या १० बियांनंतर रेशो ६.८७, म्हणजे आणखी बिया फोडायच्या.

एक अट विसरू नका, समोरची किंमत आधी ठरलेली हवी. डेटा बघून शिखर घातलं की ही हमी जाते.

१२. माझ्या मॉडेलमध्ये बारा पॅरामीटर आहेत आणि मला एकाचीच काळजी आहे. बाकीच्यांचं काय करू?

नेहमीचा उपाय प्रोफाइल: हव्या त्या पॅरामीटरची एक किंमत धरा, बाकी सगळे त्या किमतीला सगळ्यात चांगले बसतील असे बसवा, उंची लिहा, पुढची किंमत. बाकीचे पॅरामीटर थोडे आणि डेटा भरपूर असेल तर प्रश्न ६ ची ३.८४ इथेही लागू.

पण डेटाबरोबर पॅरामीटरही वाढत असतील तर सावध. समजा खाणीतून आलेल्या खनिजाच्या प्रत्येक नमुन्यातलं लोखंडाचं प्रमाण लॅबमध्ये दोनदा मोजलं, एकदा ५७.० टक्के, एकदा ५७.४. प्रत्येक नमुन्याचं खरं प्रमाण वेगळं, मोजण्यातली चूक मात्र सगळीकडे सारखी, आणि तुम्हाला त्या चुकीचं व्हेरियन्स हवंय. एमएलई काढलं तर ते खऱ्याच्या निम्म्यावर जातं. हजार नमुने घेतले तरी निम्मंच, दहा हजार घेतले तरी निम्मंच, कारण प्रत्येक नमुना आपल्याबरोबर एक नवा अज्ञात पॅरामीटर घेऊन येतो. नेमन आणि स्कॉट यांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. इथे उपाय म्हणजे प्रत्येक जोडीतला फरक, इथे ०.४, तेवढाच घेऊन लाइकलीहूड लिहायची, त्यात नमुन्याचं खरं प्रमाण उडून जातं आणि उत्तर बरोबर येतं. आरईएमएल (REML, मिक्स्ड मॉडेलमधली व्हेरियन्स काढायची पद्धत) हीच कल्पना मोठ्या मॉडेलला लावतं, आणि म्हणूनच त्याच्या लॉग-लाइकलीहूडने फिक्स्ड इफेक्ट वेगळे असलेली मॉडेलं तपासू नका, फिक्स्ड इफेक्ट बदलले की तो डेटाचा वेगळाच तुकडा बघत असतो. आरमधलं एलएमई-फोर पॅकेज अनोव्हा करताना स्वतःच एमएलने (साध्या लाइकलीहूडने) परत फिट करतं, तो मेसेज घाबरण्यासारखा नाही.

१३. एस्टिमेट अगदी टोकाला आलं, व्हेरियन्स शून्य किंवा १० पैकी १०. आता?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावागणिक फरक आहे का हे बघताना "गावांचं व्हेरियन्स शून्य" तपासता तेव्हा शून्याच्या पलीकडे जागाच नाही, म्हणून विल्क्सचा नियम मोडतो. साध्या केसमध्ये रेशोच्या लॉगची दुप्पट निम्म्या वेळा शून्य आणि निम्म्या वेळा काय-स्क्वेअर असते, ५ टक्क्यांचा कट-ऑफ ३.८४ ऐवजी २.७१, म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेली पी-व्हॅल्यू निम्मी करा.

१० पैकी १० बिया चांगल्या निघाल्या तर वाल्ड इंटरव्हल १ ते १ येतो, जो उघडच चूक आहे. इथे थेट हिशेब करा: प चा दहावा घात ०.०५ होतो ०.७४ ला, म्हणजे एका बाजूने ९५ टक्के खात्रीने प ०.७४ च्या वर.

१४. मॉडेलच चुकीचं असेल तर लाइकलीहूडचा काय उपयोग? आणि एआयसी वापरून सुटका होते का?

मॉडेल थोडंफार चुकीचं असतंच. तेव्हा शिखर त्या मॉडेलच्या कुटुंबातल्या सत्याला सगळ्यात जवळच्या ठिकाणी जातं, ते बऱ्याचदा उपयोगी असतं, पण टेकडीचा चढ-उतार खोटा पडतो. ट्रॉलरच्या फेऱ्यांत सापडलेल्या माशांची संख्या पॉयसनने (मोजणीचं मॉडेल, ज्यात व्हेरियन्स मीनइतकंच धरतात) बसवली आणि प्रत्यक्षात व्हेरियन्स मीनच्या कित्येक पट असेल, मासे थव्याने येतात त्यामुळे तसंच असतं, तर टेकडी हवी त्यापेक्षा अरुंद दिसते आणि सगळंच सिग्निफिकंट वाटतं. तेव्हा सँडविच स्टँडर्ड एरर (मॉडेलवर न विसंबता डेटातल्या खऱ्या विखुरण्यावरून काढलेली) घ्या, ज्यातल्या माहितीच्या मापाला गोडांबे यांचं नाव आहे, किंवा वेडरबर्नची १९७४ ची क्वासी-लाइकलीहूड, किंवा निगेटिव्ह बायनोमियल.

एआयसी (AIC, लाइकलीहूड आणि पॅरामीटरांची संख्या यांवरून मॉडेलला मिळणारा आकडा, कमी तो चांगला) चुकीच्या मॉडेलांतून कमी चुकीचं निवडायला मदत करतं, सुटका करत नाही. एकात दुसरं न मावणारी मॉडेलं असली तरी ते चालतं, रेशो टेस्ट आपल्या ३.८४ सकट तिथे चालत नाही. दोनच गोष्टी सांभाळा, दोन्ही मॉडेलांत ओळी तेवढ्याच हव्यात (रिकाम्या नोंदी सॉफ्टवेअर गुपचूप काढतं), आणि एकात वजन, दुसऱ्यात वजनाचा लॉग असं असेल तर एआयसीची थेट तुलना करू नका.

१५. आमचा पंचायतीतल्या घरांचा सॅम्पल सर्व्हे आहे. सर म्हणाले यात लाइकलीहूड चालत नाही. असं कसं?

सर डिझाइनवर आधारलेल्या सर्व्हेबद्दल बोलतायत आणि ते बरोबर आहे. इथे प्रत्येक घराचा आकडा, समजा महिन्याचा पाणी वापर, हा एक ठरलेला पण अज्ञात आकडा धरतात आणि रँडम फक्त एवढंच की कुठली घरं चिठ्ठीत आली. मग लाइकलीहूड लिहा: निवडलेल्या घरांचे आकडे जुळतात असं कुठलंही पूर्ण चित्र घ्या, सगळ्यांची उंची सारखी. न निवडलेल्या घरांत काहीही असो, टेकडी सपाट. गोडांबे यांनी आणि कलकत्त्याच्या देबब्रत बसू यांनी १९६० च्या दशकात यावर खूप काम केलं, आणि बसू तर यामुळेच म्हणू लागले की डिझाइनच्या शक्यतांवर विसंबणंच चूक.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर दोन रस्ते. एक, निवडीच्या शक्यतांनी वजन देऊन एकूण काढा, ते पूर्ण फ्रिक्वेन्टिस्ट आहे आणि लाइकलीहूड लागत नाही. दुसरा, घरांच्या आकड्यांसाठी मॉडेल माना, माणसं किती, नळ आहे की विहीर, मग लाइकलीहूड परत जिवंत होते पण मॉडेलची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि घरं निवडताना वापरलेली प्रत्येक गोष्ट, जसं वाडा किंवा वॉर्ड, त्या मॉडेलमध्ये आली पाहिजे.